नव्या कारखान्याला दहा वर्षे करमाफी : जुन्या करदात्यांनी काय भूमिका घ्यावी?

पत्र (थोडक्यात) : मी लातूर जिल्ह्यातील एका मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गावालगतच्या खासगी बिगरशेती जमिनीवर सोयाबीनवर प्रक्रिया करणारा कारखाना येऊ घातला आहे. जागा एमआयडीसीची नाही. कंपनीने पंचायतीकडे दहा वर्षे घरपट्टी माफ करण्याची मागणी केली आहे. पंचायतीच्या अंदाजानुसार हा कर वर्षाला साडेतीन लाख रुपये होतो. साठ जणांना काम मिळेल असे कंपनी सांगते, त्यामुळे सरपंच आणि गावातील तरुण माफीच्या बाजूचे आहेत. आमची डाळ मिल सासऱ्यांच्या काळापासून गावात आहे आणि आम्ही एकाही वर्षाची घरपट्टी थकवलेली नाही. मी विरोध केला तर पोटदुखी म्हणतील, गप्प बसले तर मनाला पटत नाही. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी ग्रामसभेत उभे राहून स्वतःच सांगून टाका की आपली डाळ मिल आहे, आपण करदाते आहोत आणि या विषयात आपला हितसंबंध येऊ शकतो. हे तुम्ही सांगितले नाही तर दुसरा कोणीतरी सांगेल, आणि मग तुमच्या मुद्द्यांपेक्षा तुमच्या मिलचीच चर्चा होईल. मासिक सभेत याच विषयावर मतदान होणार असेल तर सदस्य म्हणून तुम्हाला मत देता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी लेखी विचारून घ्या. मत देता आले नाही, तरी ग्रामसभेत मतदार म्हणून प्रश्न विचारण्याचा तुमचा अधिकार शाबूत राहतो आणि या प्रकरणात मतापेक्षा प्रश्नच जास्त कामाचे आहेत.

आता न्यायाचा मुद्दा. "आम्हाला काही मिळाले नाही, मग त्यांना का?" या वाक्याने सुरुवात करू नका, कारण ते पूर्णपणे खरे असेलच असे नाही. मागास भागात उद्योग यावेत म्हणून सवलती देण्याचे महाराष्ट्राचे धोरण १९६४ पासूनचे आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले कारखाने इकडे यावेत, ही मागणी आपण मराठवाड्यातील लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या केली आणि १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेषाचे आकडे मांडल्यावर तर ती अधिकच ठामपणे केली. सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या १९७९, १९८३, १९८८ आणि १९९३ च्या आवृत्त्यांत विक्रीकराची माफी किंवा तो पुढे भरण्याची मुभा असे. तुमच्या सासऱ्यांनी मिल उभी केली तेव्हा त्यांनाही अशी सवलत मिळाली होती का, हे घरातील जुन्या फायलींत एकदा पाहून घ्या. मिळाली असेल, तर ती गोष्ट ग्रामसभेत विरोधकांनी काढण्याआधी तुम्हाला ठाऊक असलेली बरी.

म्हणजे नवागताला सवलत देणे मुळातच अन्यायाचे आहे, असे मला वाटत नाही. प्रश्न सवलतीचा भार कोणाच्या खिशातून जातो याचा आहे, आणि तिथे तुमच्या गावचे प्रकरण राज्याच्या योजनांपेक्षा वेगळे पडते. राज्य शासन उद्योगाला त्याने भरलेल्या राज्य जीएसटीच्या प्रमाणात अनुदान देते, विद्युत शुल्क किंवा मुद्रांक शुल्क माफ करते, तेव्हा तो खर्च साऱ्या राज्याच्या तिजोरीवर पसरतो आणि त्यात मुंबईकर करदात्याचाही वाटा असतो. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी, म्हणूनच तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी केलेली असते. घरपट्टीचे तसे नाही. ती माफ केली तर तिचा खड्डा फक्त तुमच्याच गावात पडतो आणि तो भरायला बाहेरून कोणी येत नाही. शिवाय ही कंपनी राज्याच्या सवलती घेणारच असेल, तर गावाने त्यावर आपली सवलत चढवण्याची गरज काय, हे तिनेच समजावून सांगायला हवे.

माफीच्या बाजूचे लोक यावर एक बिनतोड वाटणारे उत्तर देतील. कारखाना आलाच नाही तर साडेतीन लाखही येणार नाहीत. जे हातात नव्हतेच ते गेले कसे म्हणता? हा युक्तिवाद एकाच अटीवर खरा आहे : माफी दिली नाही तर कारखाना येणारच नसेल तर. ही अट येथे लागू होते का, हे नीट तपासा. सोयाबीन प्रक्रिया करणारा माणूस जागा निवडताना आधी माल पाहतो. लातूर बाजार समितीची सोयाबीनची आवक राज्यात नावाजलेली आहे, माल शिवारातून निघतो आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. त्यानंतर तो वीज, पाणी, रस्ता आणि जमिनीचा भाव पाहतो. या साऱ्यापुढे वर्षाची साडेतीन लाखांची घरपट्टी म्हणजे त्याच्या ताळेबंदात शोधावी लागेल अशी ओळ आहे. ज्याने जमीन घेऊन ती बिगरशेतीही करून ठेवली आहे, तो घरपट्टीसाठी माघारी फिरेल हे मला तरी संभवनीय वाटत नाही.

अमेरिकेत राज्ये आणि शहरे कंपन्यांना अशा करसवलती देण्यात एकमेकांशी चढाओढ करतात, म्हणून तिथे यावर बराच अभ्यास झाला आहे. अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन अंदाज मांडला की, सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी सुमारे २ ते २५ टक्के कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे फिरला. बाकीच्या तशाही आल्या असत्या किंवा तिथेच वाढल्या असत्या. तिथल्या सवलती तुमच्या घरपट्टीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, हे लक्षात घेतले तर तुमच्या गावची माफी कंपनीचा निर्णय फिरवेल ही शक्यता फारच कमी उरते.

कंपनीसाठी ही रक्कम किरकोळ असली तरी पंचायतीसाठी ती किरकोळ नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. पंचायत कार्यालयात बसून नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, आणि नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, समोर उघडून घ्या. गावाची एकूण घरपट्टीची मागणी किती, प्रत्यक्ष वसुली किती आणि त्यात तुमच्या मिलसारख्या व्यवसायांचा वाटा किती, हे कागदावर उतरवून काढा. मग साडेतीन लाखांचा आकडा त्या बेरजेशेजारी ठेवून पाहा. बऱ्याच गावांत अशी एक नोंद साऱ्या गावठाणाच्या वसुलीला तोलून धरेल इतकी मोठी निघते.

त्यातही स्वतःच्या उत्पन्नाचा पैसा हा पंचायतीकडचा सर्वांत मोकळा पैसा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेली होती, आणि उरलेल्या ४० टक्क्यांनाही नियम होते. ती रक्कम पगारांवर खर्च करता येत नव्हती. नळाचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार, दिवाबत्तीचे बिल, पावसात वाहून गेलेल्या नळकांडी पुलाची तातडीची डागडुजी या गोष्टी स्वतःच्या उत्पन्नावरच चालतात. तुम्ही महिला सदस्य आहात म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे पंचायतीवर बंधनकारक आहे. साडेतीन लाख न येणे म्हणजे दरवर्षी अनुक्रमे ५२,५०० रुपये, ३५,००० रुपये आणि १७,५०० रुपये न येणे. माफीच्या ठरावात हे आकडे कोणी लिहिणार नाही. तुम्ही ते ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे माफीचा भार मिल मालकांवर नव्हे तर कोणावर पडतो हे लोकांना दिसेल आणि पोटदुखीचा आरोपही आपोआप बोथट होईल.

दुसऱ्या बाजूने खर्चही वाढणार आहे, कारण हंगामात सोयाबीनचे ट्रक ज्या रस्त्याने जातील तो गावाचा आहे. दहा टनी ट्रकसाठी तो बांधलेला नव्हता. तो उखडला की दुरुस्तीची मागणी पंचायतीकडेच येईल. सांडपाणी, कचरा, कामगारांच्या खोल्या वाढल्यावर लागणारे नळ, हे सारे माफीच्या दहा वर्षांतच उभे राहणार, म्हणजे खर्च लगेच आणि उत्पन्न अकराव्या वर्षापासून. हे जुन्या करदात्यांनी उचलायचे असेल, तर ते तसे उघड म्हणायला हवे.

साठ नोकऱ्यांविषयी मात्र तुम्ही हलक्या हाताने बोलू नका. गावातला मुलगा पुण्याला बारा-पंधरा हजारांवर राबतो आणि त्यातले निम्मे खोलीभाड्यात घालवतो, तेव्हा गावातली नोकरी ही त्या घरासाठी फार मोठी गोष्ट असते. पण "स्थानिकांना काम" म्हणजे काय, हे लिहून घ्या. राज्याच्या धोरणात एकूण ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांत ५० टक्के स्थानिक असावेत अशी अट आहे. मात्र तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. तुमच्या गावचा किंवा तालुक्याचा उल्लेख त्यात नाही. साठपैकी किती जण कंपनीच्या हजेरीपटावर आणि किती ठेकेदाराकडे, किती बारमाही आणि किती हंगामापुरते, याचेही उत्तर लेखी हवे. आजचा प्रोसेसिंग प्लँट बराचसा स्वयंचलित असतो, त्यामुळे हा आकडा हमालीसह आहे की हमाली वगळून, एवढा एक प्रश्नही पुष्कळ काही उघड करील.

आणि पाण्याबाबत कोणतीही सूट नको, ना पट्टीत ना परवानगीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या जिल्ह्यात राहून यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. कंपनी बोअर घेणार असेल तर किती, किती खोल, आणि गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून किती अंतरावर, हे ठरावाच्या आधी समजले पाहिजे.

आता अशा माफीने काय होते ते पाहू. केंद्र सरकारने २००३ मध्ये हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडसाठी विशेष पॅकेज दिले : नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ, आयकरात पहिली पाच वर्षे पूर्ण सूट आणि नंतर अंशतः. बद्दी, हरिद्वार, पंतनगर येथे कारखान्यांची रांग लागली. महाराष्ट्रातील औषध कंपन्याही तिकडे गेल्या. नव्या कारखान्यांसाठी उत्पादन शुल्क माफीचे दार ३१ मार्च २०१० ला बंद झाले. त्या पॅकेजने तिथे खरोखर उद्योग वसले हे मान्य करावे लागेल, पण शेजारच्या राज्यांनी उद्योग पळवल्याची ओरड केली तीही खोटी नव्हती, आणि काही उत्पादकांनी नवीन माल काढण्यापेक्षा जुनेच उत्पादन सवलतीच्या जागी हलवले. देशाच्या दृष्टीने अशा हलवाहलवीत नव्याने काही निर्माण होत नाही. तुमच्या गावापुरता याचा अर्थ असा की, शेजारच्या गावाने वीस वर्षांची माफी देऊ केली तर ही कंपनी तिकडे वळेल का, हा प्रश्न विचारून ठेवावा. कारण दोन ग्रामपंचायतींनी एकमेकींच्या खाली बोली लावत जायचे ठरवले तर त्यात फक्त कंपनीचा फायदा आहे.

माफी एकदम देणे आणि एकदम काढणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या. आपल्याकडे यापेक्षा शहाणी पद्धत जुन्या काळी होती. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या कुळाला इस्ताव्याने, म्हणजे चढत्या साऱ्याने, कौल (लेखी हमी) मिळे : पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरवर्षी चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण दर. नव्या पेठा वसवतानाही व्यापाऱ्यांना काही वर्षांची जकातमाफी असे, पण मुदत कौलातच लिहिलेली असे. तुमच्या कारखान्यालाही तसेच करता येईल. समजा पहिली दोन वर्षे २५ टक्के कर, पुढची दोन वर्षे ५० टक्के, पाचव्या वर्षी ७५ टक्के आणि सहाव्यापासून पूर्ण. दहा वर्षांत पंचायतीला ३५ लाखांपैकी २५ लाख ३७ हजार ५०० रुपये मिळतील आणि सवलत ९ लाख ६२ हजार ५०० रुपयांची होईल. उभारणीच्या काळात, जेव्हा कंपनीला पैशाची खरी ओढ असते, तेव्हाच सवलत मिळते. आणि दहाव्या वर्षी एकाएकी बोजा पडला म्हणून गाशा गुंडाळण्याचे निमित्तही उरत नाही. (घरपट्टीचे दर वेळोवेळी फेरआकारणीत बदलतात, त्यामुळे करारात रक्कम न लिहिता टक्केवारीच लिहावी.)

हे सारे पंचायतीच्या अधिकारात बसते का, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. पंचायतीने बहुमताने ठराव केला की कोणाचाही कर माफ होतो, असा समज गावोगावी आहे. तो धरून चालू नका. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये करांची आणि कलम १२५ मध्ये कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची तरतूद आहे. चढत्या दराचा मार्ग बसवायचा असेल तर तो बहुधा या दुसऱ्या कलमातून जाईल. म्हणून ग्रामसभेआधीच जिल्हा परिषदेच्या पंचायत विभागाला लेखी विचारा की अशा कराराला कोणाची मान्यता लागते आणि निव्वळ माफीचा ठराव टिकेल का. उत्तर वेळेत आले नाही, तर "मार्गदर्शन येईपर्यंत विषय तहकूब" अशी सूचना मांडणे पूर्णपणे रास्त आहे. बेकायदा माफी पुढे लेखापरीक्षणात निघाली तर आक्षेप सरपंच आणि सदस्यांवर येतो, कंपनीवर नाही, ही गोष्ट सरपंचांच्याही कानावर घाला; ते तुमचे विरोधक असले तरी त्यांचेही हित यात आहे.

जुन्या करदात्यांचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. यावर माझे मत असे आहे की, सवलत कोण कधी आले यावर न देता कोण काय करते यावर द्यावी. नवीन गुंतवणूक करून गावातील बारमाही कामगार वाढवणाऱ्या कोणालाही, तो नवा असो वा जुना, हाच चढत्या दराचा नियम वाढीव बांधकामापुरता लागू व्हावा. मग तुम्ही उद्या मिलला नवे शेड जोडले तरी तीच वागणूक मिळेल, आणि नसेल जोडायचे तर जुन्या इमारतीवर माफी मागण्याचा अधिकार तुम्हालाही नसेल. राज्याच्या प्रोत्साहन योजनेतही नव्या कारखान्यांबरोबर विस्ताराला अटींवर जागा असते. लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या लागू असलेल्या अटी विचारून घ्या, कारण पंचायतीच्या घरपट्टीपेक्षा तिथे तुमच्या पदरात अधिक पडण्याचा संभव आहे.

प्रामाणिक करदात्याची कदर करण्याचा आणखी एक मार्ग छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने दाखवला आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या या गावाने पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबांना वर्षभर दळण मोफत दळून देण्याची सोय केली. तिथे सवलत मिळते ती कर भरला म्हणून. तुमच्या गावात कारखान्याकडून येणाऱ्या रकमेतून असे काही करता आले, तर आज माफीच्या बाजूने बोलणारी घरेही कर घेण्याच्या बाजूला येतील.

ग्रामसभेत तुम्ही माफीला नुसता विरोध न नोंदवता पर्यायी ठराव लेखी घेऊन जा : चढता दर, पाच वर्षांची मुदत, गावातील बारमाही कामगारांचा किमान आकडा, तो दोन वर्षांत न गाठल्यास सवलत रद्द होऊन फरकाची वसुली, पाण्याला सूट नाही, ट्रकच्या रस्त्याच्या दुरुस्तीत कंपनीचा वाटा, आणि दरवर्षी पहिल्या ग्रामसभेत दिलेल्या सवलतीची रक्कम आणि हजेरीपटावरील गावकऱ्यांची संख्या वाचून दाखवणे. केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरण देते; गावाने एका कागदावर तेवढे करायला हरकत नसावी. विषय कार्यसूचीवर छापून यावा, ऐनवेळी घुसवू नये, आणि गणपूर्ती मोजून इतिवृत्तात लिहिली जावी, म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल ती. इतिवृत्ताची प्रत तुम्हाला दिली नाही, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

या अटी ऐकून कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला की मग आम्ही पूर्ण करच भरतो, पण हजेरीपट दाखवणार नाही, तर ते मान्य करा. आकारणी नमुना ८ ला चढवा आणि पहिल्या वर्षाची मागणी वेळेवर काढा.